सॉकेट जुळले, पण चिपसेटचे काय?

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक-बाजारात नवा प्रोसेसर घ्यायला गेले की दुकानदार पहिला प्रश्न सॉकेटचा विचारतो, आणि सॉकेट जुळले की बहुतेक वेळा व्यवहार तिथेच पुरा होतो. जुनाच संगणक वर्षानुवर्षे सुधारत वापरणाऱ्यांचे पैसे नेमके इथे अडकतात, कारण प्रोसेसर मदरबोर्डावर, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य बोर्डावर, बसणे आणि तो त्या बोर्डावर चालणे या निरनिराळ्या गोष्टी आहेत.

सॉकेट ही मदरबोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा. तिचा आकार, पिनांची संख्या आणि मांडणी ठरलेली असते: एएमडीच्या एएम४मध्ये 1331 पिना असतात आणि त्या प्रोसेसरच्या पोटाला असतात, तर इंटेलच्या एलजीए 1151मध्ये पिना बोर्डावर असतात. चिपसेट ही त्याच बोर्डावरची निराळी चिप. यूएसबी, साटा (हार्ड डिस्क व एसएसडी जोडायच्या जागा) आणि उरलेले स्लॉट यांची वाहतूक ती सांभाळते, आणि कोणत्या पिढीचे प्रोसेसर चालवायचे याची कंपनीने आखलेली मर्यादाही बहुधा तिच्याच नावाने ओळखली जाते.

भांडुपला राहणाऱ्या माझ्या मावसभावाकडे इंटेलच्या 100 मालिकेतल्या एच110 चिपसेटचा बोर्ड आणि सहाव्या पिढीचा आय3 प्रोसेसर होता. सॉकेट 1151 म्हणून त्याने आठव्या पिढीचा आय5-8400 आणला. प्रोसेसर अलगद बसला, पंखा फिरला, पण डिस्प्ले काही आला नाही. दोन संध्याकाळी आम्ही रॅम काढून पुसून पुन्हा लावण्यात घालवल्या, कारण दोष जुळणीत असेल अशी शंकाच आम्हाला आली नव्हती. इंटेलने 2017मध्ये आठव्या पिढीसाठी 300 मालिकेचे चिपसेट आणले, तेव्हा पिनांची संख्या 1151च ठेवली, मात्र पूर्वी राखीव असलेल्या काही पिना वीजपुरवठ्याला दिल्या आणि 100 व 200 मालिकेच्या बोर्डांना या पिढीचा आधार दिला नाही. त्या बोर्डाची खरी मजल सातव्या पिढीपर्यंतच होती; बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारे बोर्डावरचे सॉफ्टवेअर, अद्ययावत करून पुढे त्याच्यावर जुन्या बाजारातला सातव्या पिढीचा आय7-7700 बसवला आणि तो व्यवस्थित चालला.

याच्या उलट अनुभव एएम४चा. 2018मध्ये मी बी450 चिपसेटच्या बोर्डावर एएमडीचा रायझन 5 2600 प्रोसेसर बसवला होता. चार-पाच वर्षांनी त्याच बोर्डावर रायझन 5 5600 आला, आणि रॅम, कॅबिनेट, पॉवर सप्लाय यांपैकी काहीही बदलावे लागले नाही. ही सोय केवळ सॉकेटमुळे झाली असे म्हणणे मात्र अपुरे आहे. त्याआधीच्या बी350 आणि एक्स370 बोर्डांचे सॉकेट अगदी तेच असूनही 5600 ज्या मालिकेतला त्या 5000 मालिकेला त्यांच्यावर अधिकृत वाट मिळायला 2022 उजाडले, कारण नव्या प्रोसेसरची ओळख बोर्डाला बायोसमधून पटते आणि ते बायोस देणे न देणे प्रोसेसरची व बोर्डाची कंपनी ठरवते.

चिपसेटचा परिणाम संगणक सुरू झाल्यावरही जाणवतो. तोच 5600 बी550 बोर्डावर बसवला तर ग्राफिक्स कार्ड आणि मुख्य एनव्हीएमई एसएसडी (वेगवान साठवणूक) पीसीआय एक्स्प्रेस या जोडणीच्या 4.0 आवृत्तीच्या वेगाने चालतात, बी450वर मात्र 3.0च्या, म्हणजे प्रत्येक लेनला (माहिती वाहणाऱ्या मार्गिकेला) साधारण निम्म्या वेगाने. कार्यालयीन कामात आणि बहुतेक खेळांत हा फरक फारसा कळत नाही, म्हणून केवळ त्यासाठी चालता बोर्ड बदलावा असे मला वाटत नाही.

रॅमच्या बाबतीत मात्र सॉकेट आणि चिपसेट दोन्ही जुळूनही भागत नाही. इंटेलचे एलजीए 1700 सॉकेट आणि बी660 चिपसेट असलेले काही बोर्ड डीडीआर4 प्रकारची रॅम घेतात, तर काही डीडीआर5. दोन्हींच्या खाचा वेगळ्या असल्याने एकाची रॅम दुसऱ्यात बसतच नाही. तिथे बोर्डाचे पूर्ण नावच पाहावे लागते.

म्हणून लॅमिंग्टन रोडला जाण्यासाठी ग्रँट रोड स्टेशनला उतरण्याआधी एवढे करावे: बोर्डावर छापलेले मॉडेल आणि त्याची आवृत्ती टिपून घ्यावी, बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरील प्रोसेसरच्या यादीत हवा असलेला प्रोसेसर शोधावा, आणि त्याच्यासमोर बायोसची किमान कोणती आवृत्ती दिली आहे ते पाहावे. बायोस जुने असेल तर ते जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच, शक्यतो यूपीएसवर, अद्ययावत करावे; जुना प्रोसेसर आधी विकून टाकला आणि बोर्डाला प्रोसेसरविना बायोस भरण्याची सोय नसली, तर बायोस भरण्यापुरता कोणाचा तरी प्रोसेसर उसना मागत फिरावे लागते.