नंबर काढला, पडदा राहिला

मधुमेह असलेल्या माणसाला ‘डोळे तपासून घेतले का?’ असं विचारलं, की पुष्कळदा उत्तर मिळतं, ‘हो, आत्ताच नंबर काढून आणला.’ चष्म्याचा नंबर आणि डोळ्याच्या मागच्या पडद्याची तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ खणखणीत वाचणाऱ्याच्या पडद्यावरही रक्ताचे बारीक ठिपके, पिवळट चट्टे, क्वचित नव्या कच्च्या रक्तवाहिन्या असू शकतात. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकी १६.९ टक्के लोकांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम दिसला. मधुमेह आहे हे ठाऊक असलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोकांचा पडदा त्याआधी कधीच तपासला गेला नव्हता.

याचं खापर रुग्णाच्या अडाणीपणावर फोडून मोकळं होता येतं. पण ‘त्रास नसताना डोळे दाखवा’ हा सल्लाच मुळात फार जुना नाही, आणि आपल्याकडे तर डोळ्यांची सगळी शिकवण उलट दिशेने झालेली आहे.

डोळ्याच्या आत डोकावायचं साधन १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने जगासमोर आणलं. त्यानंतर चारच वर्षांत व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगर यांनी एका मधुमेही रुग्णाच्या पडद्यावरचे पिवळे डाग आणि रक्तस्राव नोंदवले. यावर त्या काळातले नेत्रवैद्यकाचे मोठे नाव, फॉन ग्रेफ यांनीच शंका घेतली. हे मधुमेहाने होतं की रक्तदाबाने, की नुसत्या वयाने, हा वाद विसाव्या शतकापर्यंत रेंगाळला. त्याचं एक कारण क्रूर होतं. मधुमेह झालेली मुलं तेव्हा डोळे बिघडण्याइतकी जगतच नसत. १९२२ मध्ये टोरांटोत पहिल्या रुग्णाला इन्सुलिन टोचलं गेलं, माणसं पुढे वीस-तीस वर्षं जगू लागली आणि मग डोळ्यांचं दुखणं खऱ्या अर्थाने समोर आलं.

समोर आलं तरी करायचं काय? १९५३ मध्ये डेन्मार्कमधल्या पोल्सन यांनी एका मधुमेही स्त्रीची हकिगत छापली. बाळंतपणात तिची पिट्युटरी, म्हणजे मेंदूखालची हार्मोन बनवणारी ग्रंथी, निकामी झाली आणि त्यानंतर तिच्या पडद्यावरचे दोष कमी झाले. तेवढ्या धाग्यावरून पुढची दहा-पंधरा वर्षं नजर वाचवण्यासाठी मधुमेहींची पिट्युटरी काढून टाकण्याच्या किंवा जाळण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. दृष्टी टिकवायची तर आयुष्यभर बाहेरून हार्मोन घ्यायचे, असा तो सौदा. अशा काळात ‘लवकर तपासा’ म्हणण्यात फारसा अर्थ नव्हता. लवकर कळून रुग्णाच्या हाती काही लागत नव्हतं.

वळण आलं ते प्रकाशामुळे. जुलै १९४५ मधलं सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्यांच्या पडद्यावरचे भाजल्याचे व्रण जर्मनीतल्या गेर्ड मायर-श्विकेराथ यांनी बघितले आणि त्यांना वाटलं, हीच इजा पडद्याच्या दुखण्यावर उपचार म्हणून ठरवून, मोजून केली तर? आधी त्यांनी आरशांनी सूर्यप्रकाश वळवून प्रयोग केले. ढग आले की काम बंद. मग झेनॉन वायूचा प्रखर दिवा आला, पुढे लेझर. तरीही उपचार खरोखर लागू पडतो का, हे ठरत नव्हतं. सत्तरच्या दशकात अमेरिकेत सतराशेहून अधिक रुग्णांवर मोठी चाचणी झाली: प्रत्येकाच्या एका डोळ्याला लेझर किंवा झेनॉनचा प्रकाश द्यायचा, दुसरा तसाच ठेवायचा. १९७६ मध्ये निकाल इतका स्पष्ट होता, की धोक्यातल्या ‘दुसऱ्या’ डोळ्यांनाही उपचार द्यायचं ठरलं. उपचार दिलेल्या डोळ्यांत गंभीर अंधत्वाचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं होतं. १९८५ मध्ये दुसऱ्या चाचणीने पडद्याच्या मध्यभागी येणाऱ्या सुजेबाबतही लेझरच्या बाजूने कौल दिला.

या उपचाराचा स्वभाव मात्र नीट समजून घ्यायला हवा. लेझरने असलेली नजर टिकते. गेलेली बहुधा परत येत नाही. म्हणजे सगळ्यात जास्त फायदा कुणाला, तर ज्याची काहीच तक्रार नाही त्याला.

आता आपल्याकडे बघा. त्याच १९७६ साली भारताने अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, आणि त्याचं लक्ष्य होतं मोतीबिंदू. ते योग्यच होतं. देशातल्या अंधांमध्ये निम्म्याहून जास्त मोतीबिंदूचे होते. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूची मोठी मोहीम चालली, त्यात महाराष्ट्रही होता. गावोगावी शिबिरं झाली. डॉ. तात्याराव लहाने यांचं नाव घराघरात पोचलं ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांमुळेच. या सगळ्यातून लोक एक गोष्ट पक्की शिकले: दिसेनासं झालं की जायचं, ऑपरेशन करायचं, पट्टी निघाली की दिसतं. जुन्या पद्धतीत तर डॉक्टरच सांगत, ‘अजून पिकला नाही, पिकला की या.’ आता मोतीबिंदू पिकण्याचीही वाट पाहत नाहीत, पण आजी-आजोबांच्या तोंडी ते वाक्य अजून आहे. पडद्याच्या बाबतीत हेच थांबणं महागात पडतं. डोळ्यासमोर काळे धागे तरंगू लागले, एका सकाळी अचानक लाल-काळं सावट आलं, मग रुग्ण धावतो. तोवर आत रक्तस्राव झालेला असतो. उशिरा लेझर होतं, नजर सुधारत नाही, आणि शेजारीपाजारी बातमी जाते की ‘लेझर लावलं आणि होतं तेही गेलं.’ अशी एक बातमी पुढच्या दहा जणांना घरी बसवते.

सरकारी रचनेनेही यात भर घातली. मधुमेह, कर्करोग, हृदयविकार यांच्यासाठी २०१० मध्ये वेगळा राष्ट्रीय कार्यक्रम आला. साखर एका खात्यात, डोळा दुसऱ्या खात्यात. गोळ्या लिहून देणारा डॉक्टर डोळ्याकडे बघत नाही, डोळ्याचा डॉक्टर भेटतो तो मोतीबिंदूच्या निमित्ताने, आणि या दोघांमधला निरोप रुग्णानेच पोचवायचा.

युरोपात ही गाठ आधी सुटली. आइसलँडने १९८० पासून मधुमेहींची नियमित डोळे तपासणी सुरू केली. १९८९ मध्ये इटलीतल्या सेंट व्हिन्सेंट इथे जमलेल्या देशांनी मधुमेहामुळे येणारं नवं अंधत्व पाच वर्षांत किमान एक तृतीयांशाने घटवायचं ठरवलं. इंग्लंडने २००३ पासून देशभर कार्यक्रम उभा केला: मधुमेहाची नोंद झाली की तपासणीचं पत्र घरी येतं आणि पडद्याचा फोटो प्रशिक्षित माणूस वाचतो. २००९-१० च्या नोंदी तपासल्या तेव्हा, किमान पाच दशकांत पहिल्यांदाच, इंग्लंड-वेल्समधल्या कामाच्या वयातल्या लोकांच्या अंधत्वाचं पहिलं कारण मधुमेह उरला नव्हता. तिथले रुग्ण जन्मजात जागरूक होते असं मानायचं कारण नाही. त्यांना बोलावणं येत होतं.

आपल्याकडे बोलावणं नाही, आणि तपासणीची खटपट मात्र आहे. बाहुली मोठी करायला थेंब टाकतात, अर्धा-पाऊण तास डोळे मिटून बाकावर बसायचं, मग बाहेर पडलं की ऊन डोळ्यांत घुसतं आणि जवळचं काही तास वाचता येत नाही. स्कूटर चालवायची नाही, म्हणून सोबत कुणीतरी हवं. रोजंदारीवरच्या माणसाचा दिवस गेला, सोबतच्याचाही गेला, आणि एवढं करून डॉक्टर म्हणाले ‘सगळं ठीक आहे’, तर पुढच्या वर्षी तो कशाला येईल?

मधल्या काळात उपचार वाढले. साखर काटेकोर ठेवली तर पडद्याचा त्रास लांबतो, हे टाइप १ साठी १९९३ मध्ये आणि टाइप २ साठी १९९८ मध्ये मोठ्या चाचण्यांनी दाखवलं. दुसरीत रक्तदाबाचं महत्त्वही पुढे आलं. मग डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आली. सुजेमुळे गेलेली नजर त्यांनी काही प्रमाणात परत येऊ लागली, पण ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात आणि खिशाला झेपेनाशी झाली की मध्येच सुटतात.

तपासणी सोपी करण्याचे प्रयत्न मुंबईतही झाले. शहरातल्या झोपडपट्ट्यांत पडद्याची पाहणी झाली, आणि पुढे महापालिकेच्या दवाखान्यांत फोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने आरोग्यसेविकेनेच फोटो काढायचा आणि इंटरनेटशिवाय चालणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेने तो वाचायचा, असा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्रास असलेले रुग्ण त्या यंत्राने नीट ओळखले. फोटो निघाल्यावर उरतो तो पुढचा रस्ता: लेझरचं यंत्र आणि पडद्याचा तज्ज्ञ तालुक्याला मिळणं मुश्कील, जिल्ह्याच्या किंवा मोठ्या शहराच्या रुग्णालयात जावं लागतं. ‘नीट दिसतंय’ म्हणणाऱ्या माणसाने ती चिठ्ठी घेऊन एसटीने तिथवर जावं, यासाठी चिठ्ठी देणाऱ्याला त्याच्याशी दोन मिनिटं बसून बोलावं लागेल, आणि तो गेला की नाही याची नोंद कुणाच्या तरी वहीत असावी लागेल.