मिशिगनचा राइट टू वर्क कायदा: आला कसा, गेला कसा

आधी शब्दाचा घोळ सोडवूया, नाहीतर पुढचं सगळं उलटंच वाचलं जातं. आपल्याकडे 'कामाचा हक्क' म्हटलं की रोजगार हमी आठवते, ७२ च्या दुष्काळातली खडी फोडायची कामं, मग १९७७ चा महाराष्ट्राचा कायदा, मागेल त्याला काम वगैरे. घटनेच्या ४१ व्या कलमातही अर्थ तोच आहे, सरकारने काम मिळवून द्यायला बघावं. फ्रान्समध्ये १८४८ साली कामगारांनी हे शब्द रस्त्यावर आणले तेव्हाही मागणी हीच होती, काम द्या. अमेरिकेत मिशिगनसारख्या राज्यांनी केलेल्या राइट टू वर्क कायद्यात मात्र कोणी कोणाला काम देत नाही. तिथे अर्थ एवढाच की तुमच्या कारखान्यात युनियन असली, तिने मालकाशी तुमच्यासाठी करार केलेला असला, तरी तिला एक पैसा न देता तुम्हाला नोकरीत राहता येतं. बस.

इंग्लंडला गेलेल्या मंडळींना हेच शब्द तिसऱ्याच अर्थाने भेटतात, तिथे राइट टू वर्क चेक म्हणजे व्हिसाची कागदपत्रं तपासणं. आणि चौथा घोळ अमेरिकेतल्या आपल्याच आयटीवाल्यांचा. "अरे इथे राइट टू वर्क आहे, कधीपण काढून टाकतात" हे वाक्य ज्याने अमेरिकेत नोकरी केली त्याने एकदा तरी ऐकलेलं असतं. ते चूक आहे. कारण न सांगता कधीही काढता येणं याला तिकडे 'अॅट विल' म्हणतात आणि ते मोंटाना सोडलं तर जवळपास सगळीकडे लागू आहे, अगदी कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीमध्येसुद्धा, जिथे राइट टू वर्क कायदा नाहीच. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, नाव मात्र असं आहे की माणूस फसणारच.

नाव ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे खरं तर. १९४१ च्या लेबर डेला टेक्सासमधल्या एका मोठ्या दैनिकाच्या अग्रलेखात हे शब्द या अर्थाने आले असं सांगतात, आणि तेव्हापासून विरोधकांची पंचाईत झाली ती झालीच. कामाच्या हक्काच्या विरोधात उभं राहून बोलणार कोण? नागरी हक्क चळवळीच्या सगळ्यात मोठ्या नेत्याने १९६१ मध्ये ही फसवी घोषणा आहे म्हणून इशारा दिला होता, पण नाव टिकलं.

आता मूळ भांडण. १९३५ च्या केंद्रीय कायद्याने ठरवलं की कामगारांच्या बहुमताने जी युनियन निवडून येईल ती त्या ठिकाणच्या सगळ्यांची प्रतिनिधी, सभासद असोत नसोत. गिरणगावच्या लोकांना हे ओळखीचं वाटेल, मुंबईत १९४६ च्या कायद्याने गिरणी कामगारांची एकच अधिकृत युनियन मानली जायची आणि १९८२ च्या संपात कामगार गेले दुसऱ्याच पुढाऱ्यामागे, त्यातून काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेत त्या एकमेव प्रतिनिधी असण्याबरोबर एक जबाबदारी येते, जो सभासद नाही त्याचीही तक्रार युनियनला नीट लढवावी लागते. ही जबाबदारी कोर्टाने पहिल्यांदा स्पष्ट सांगितली ती १९४४ मध्ये, रेल्वेच्या इंजिनावर काम करणाऱ्या काळ्या फायरमनच्या केसमध्ये. त्यांची युनियन फक्त गोऱ्यांना सभासद करायची आणि वर त्यांच्याच नावाने करार करून त्यांना कामावरून हटवायला बघत होती.

तर युनियन म्हणते आम्ही सगळ्यांसाठी खर्च करतो तर सगळ्यांनी वाटा द्या. सोसायटीचं सभासदत्व नको म्हणालास तरी लिफ्ट वापरतोस ना, मग मेंटेनन्स भर. समोरचा म्हणतो लिफ्ट बसवा असं मी कधी म्हणालो होतो? माझं मी जिन्याने जाईन. पण कायद्याने त्याला जिना ठेवलेलाच नाही, करार सगळ्यांना एकच. म्हणजे दोघांच्याही म्हणण्यात दम आहे, पण फुकट्यांचा प्रश्न जास्त खरा आहे असं मला वाटतं, कारण पगारवाढ नको म्हणून परत केलेला माणूस अजून कोणी दाखवलेला नाही.

आणि 'सक्तीचं सभासदत्व' हा जो शब्द प्रचारात सारखा येतो तो बऱ्याच आधी बाद झालाय. १९४७ च्या कायद्याने युनियनचं कार्ड असल्याशिवाय नोकरीच नाही ही पद्धत, ज्याला क्लोज्ड शॉप म्हणायचे, ती बंद केली. १९६३ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की सभासद व्हायची सक्ती म्हणजे फक्त पैसे भरायची सक्ती. १९८८ मध्ये आणखी पुढे जाऊन सांगितलं की सभासद नसलेल्याकडून फक्त करार करण्याचा आणि राबवण्याचा खर्च घ्यायचा, राजकारणाचा नाही. त्यामुळे वर्गणी वेगळी आणि फी वेगळी. वर्गणी सभासद देतो, फी बिगरसभासद देतो आणि ती कमी असते. राइट टू वर्क कायदा जो काढून टाकतो ती ही फी. वाद जेव्हा जेव्हा पेटतो तेव्हा या दोन शब्दांची सरमिसळ होते आणि मुद्दाम होते.

राज्यांना हा अधिकार आला कुठून? त्याच १९४७ च्या कायद्याच्या १४(ब) कलमातून. राष्ट्राध्यक्षांनी व्हेटो मारला होता, काँग्रेसने म्हणजे तिथल्या संसदेने तीन दिवसांत तो मोडून काढला. पण फ्लोरिडा आणि आर्कान्सा १९४४ मध्येच मतदान घेऊन मोकळे झाले होते. त्या काळचा दक्षिणेतला प्रचार आज वाचला तर पोटात ढवळतं, गोऱ्या कामगारांना काळ्यांच्या शेजारी एकाच युनियनमध्ये बसावं लागेल ही भीती उघड उघड घातलेली होती. पुढे दहा वर्षांत जवळपास सगळी दक्षिण आणि मधली शेतीची राज्यं आली. १९५८ ला ओहायो आणि कॅलिफोर्नियासकट सहा राज्यांत एकदम मतदान झालं आणि एकटं कॅन्सस हो म्हणालं. १९६५ मध्ये १४(ब) रद्द करायचं विधेयक खालच्या सभागृहात पास झालं, सिनेटमध्ये भाषणं करकरून मारलं गेलं. त्याच वर्षी इंडियानाने आपला १९५७ चा कायदा मागे घेतला. मग कितीतरी वर्षं फार काही नाही, मधे आयडाहो, २००१ ला ओक्लाहोमा. रेल्वे आणि विमान कंपन्यांना वेगळा केंद्रीय कायदा असल्यामुळे राज्याचा राइट टू वर्क त्यांना लागू होत नाही हेही इथेच सांगून ठेवतो, लोक विसरतात.

खरी गोष्ट २०१२ ची. २०१० च्या निवडणुकीत ग्रेट लेक्सच्या भोवतालची बरीच राज्यं रिपब्लिकन पक्षाकडे झुकली. २०११ ला विस्कॉन्सिनने सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियनची ताकद काढून घेतली, कोरम होऊ नये म्हणून विरोधी सिनेटर शेजारच्या इलिनॉयमध्ये जाऊन राहिले होते ते प्रकरण. २०१२ च्या फेब्रुवारीत इंडियानाने राइट टू वर्क परत आणला, इंडियानापोलिसमध्ये सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, व्हायच्या चारच दिवस आधी. पण मिशिगन? मिशिगनमध्ये होईल असं कोणाला वाटत नव्हतं. फ्लिंटमध्ये १९३६-३७ च्या हिवाळ्यात कामगार ४४ दिवस मोटारींच्या कारखान्यात ठिय्या मारून बसले आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या मोटार कंपनीला युनियन मान्य करायला लावली, ते हे राज्य. तिथले गव्हर्नर स्वतः सांगत होते की हा विषय माझ्या अजेंड्यावर नाही, याने फूट पडते.

त्यात युनियनवाल्यांनी एक चूक केली, माझ्या मते मोठी. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्यांनी युनियनमार्फत मालकाशी करार करण्याचा हक्क थेट राज्यघटनेत घालायचा प्रस्ताव मतदानाला टाकला. तो आपटला, साधारण ५७ टक्के विरोधात. समोरच्यांना वाटलं हीच वेळ. आणि वेळ खरोखरच थोडी होती, कारण त्याच निवडणुकीत सत्ताधाऱ्यांच्या खालच्या सभागृहातल्या जागा ६४ वरून ५९ वर आल्या होत्या आणि नवे आमदार जानेवारीत बसणार होते. मग जुन्याच सभागृहाकडून डिसेंबरमध्ये काम उरकायचं ठरलं. ६ डिसेंबरला गव्हर्नरांनी जाहीर केलं की आलं तर सही करतो. विधेयक कुठल्या समितीकडे गेलं नाही, सुनावणी झाली नाही. राजधानी लान्सिंगच्या विधानभवनाची दारं त्या दिवशी काही तास बंद केली, आत पेपर स्प्रे मारला गेला. ११ तारखेला बाहेर थंडीत दहा हजारांवर लोक जमलेले असताना आत सरकारी नोकरांसाठीचं विधेयक ५८ विरुद्ध ५१ ने आणि खासगी कामगारांसाठीचं ५८ विरुद्ध ५२ ने पास झालं, संध्याकाळी सही. पोलीस आणि फायर ब्रिगेडला वगळलं होतं, ते का ते ज्याने त्याने समजून घ्यावं.

पण खरी गोम मतांच्या आकड्यात नाही, दोन्ही विधेयकांत घातलेल्या दहा दहा लाख डॉलरच्या तरतुदीत आहे. मिशिगनच्या १९६३ च्या घटनेप्रमाणे विधिमंडळाने केलेला कायदा पसंत नसेल तर ठरावीक सह्या गोळा करून लोक तो मतदानाला लावू शकतात. अपवाद एक, ज्या कायद्यात सरकारी संस्थांसाठी पैशाची तरतूद आहे त्याला हे लागू नाही. उद्देश साधा होता, उद्या कोणी सह्या करून सरकारचा कारभारच अडवू नये. पण २००१ मध्ये पिस्तूल बाळगायच्या कायद्याच्या केसमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की तरतूद केवढी आणि कशासाठी हे आम्ही बघणार नाही, तरतूद आहे म्हणजे सार्वमत नाही. झालं. तेव्हापासून जो कायदा लोकांना आवडणार नाही अशी भीती असेल त्यात थोडे पैसे टाकायचे की कुलूप लागलं. सांगायला कारण होतंच, अंमलबजावणीला खर्च येतो म्हणे. त्याच डिसेंबरात आणखी एक उदाहरण घडलं. दिवाळखोरीत निघालेल्या शहरांवर प्रशासक नेमायचा कायदा नोव्हेंबरमध्ये लोकांनी सह्या करून मतदानात पाडला होता, महिन्याभरात तसाच दुसरा आणला, आणि या वेळी पैशाची तरतूद घालून. लोकांनी स्वतःच कायदा मांडायचा असा दुसरा रस्ता होता पण त्याला जास्त सह्या लागतात आणि तिथे शून्यापासून सुरुवात.

कायदा मार्च २०१३ च्या शेवटी लागू झाला, पण आधी झालेल्या करारांना त्यांची मुदत संपेपर्यंत हात लावता येत नव्हता. त्यामुळे त्या तीन महिन्यांत युनियनांनी धडाधड करार लांबवून घेतले, डेट्रॉइटमधल्या एका युनिव्हर्सिटीने तर आठ वर्षांचा केला, तेव्हा आमदारांनी अनुदान कापायची धमकी दिली. मोठ्या मोटार कंपन्यांचे करार २०१५ पर्यंत होते. म्हणून "कायदा आला तरी युनियन काही मेली नाही" असं जे दोन-तीन वर्षं म्हटलं जात होतं त्याला फार अर्थ नव्हता. मिशिगनमध्ये २०१२ ला साधारण साडेसोळा टक्के कामगार युनियनमध्ये होते, २०२२ ला १४. घसरण कायद्यामुळे किती आणि कारखाने कमी झाल्यामुळे किती हे वेगळं काढणं अवघड आहे, कारण कायदा नसलेल्या राज्यांतही आकडा घसरतच होता.

मग लाट पुढे गेली, २०१५ विस्कॉन्सिन, २०१६ वेस्ट व्हर्जिनिया, २०१७ केंटकी. मिसुरीनेही २०१७ मध्ये कायदा केला, पण तिथे कुलूप नव्हतं. युनियनांनी तीन लाखांवर सह्या आणल्या आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ६७ टक्के लोकांनी तो लागू व्हायच्या आतच फेकून दिला. मिशिगनला मतदान होऊ दिलं असतं तर काय झालं असतं हा प्रश्न त्या रात्री बऱ्याच जणांना पडला असणार. दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं, नोव्हेंबर २०२२ मध्ये टेनेसीच्या लोकांनी भरघोस मतांनी राइट टू वर्क थेट घटनेत घातला, आणि त्याच दिवशी इलिनॉयने बरोबर उलटं करून करार करायचा हक्क घटनेत घातला.

२०१८ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने सरकारी नोकरांकडून फी घेणं देशभर बंद केलं. गंमत म्हणजे त्यात जो जुना निकाल मोडला तो १९७७ चा, डेट्रॉइटच्या शिक्षकांच्या केसमधला. म्हणजे आता राज्यांच्या हातात फक्त खासगी क्षेत्र उरलंय, आणि तिथे देशभरात युनियनचं प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास आहे.

२०२२ च्या निवडणुकीत मिशिगनमध्ये पारडं फिरलं, दोन्ही सभागृहं आणि गव्हर्नरपद जवळजवळ ४० वर्षांनी डेमोक्रॅट्सकडे आलं. मार्च २०२३ मध्ये सिनेटने २० विरुद्ध १७ ने रद्दीकरण पास केलं, २४ तारखेला सही झाली. १९६५ च्या इंडियानानंतर कुठल्याही राज्याने कायदा मागे घ्यायची ही पहिलीच वेळ, राइट टू वर्क राज्यं २७ ची २६ झाली. आणि या विधेयकातही दहा लाख डॉलरची तरतूद होती! ज्या युक्तीच्या नावाने दहा वर्षं बोटं मोडली तीच, रक्कमसुद्धा तीच. वर याच गव्हर्नरांनी २०१९ मध्ये पदावर आल्या आल्या आदेश काढला होता की सार्वमत टाळायला पैसे घुसवलेलं विधेयक माझ्याकडे आलं तर व्हेटो करीन. खुलासा आला तो २०१२ चाच, अंमलबजावणीला खर्च येतो.

रद्दीकरण लागू झालं १३ फेब्रुवारी २०२४ ला. पण त्या दिवशी कोणाच्या पगारातून फी कापायला सुरुवात झाली असं नाही. कायद्याने फक्त मनाई उठवली, फीचं कलम प्रत्येक कारखान्यात करारात परत मागून घ्यावं लागतं आणि मालक त्याच्या बदल्यात काहीतरी मागणारच. सरकारी नोकरांचं कलम तर लिहून नुसतं ठेवलंय, २०१८ चा निकाल कधी उलटला तर ते जागं होणार.