व्याजदरच नसेल तर अर्थव्यवस्था हाकायची कशी?

रेपो दर पाव टक्क्याने हलला की आपल्याकडे घरकर्जाच्या हप्त्यापासून शेअर बाजारापर्यंत सगळीकडे चर्चा सुरू होते. इस्लामी अर्थशास्त्रात व्याज, म्हणजे ‘रिबा’, निषिद्ध. मग मध्यवर्ती बँकेने काय वरखाली करायचं? तिथलं समष्टी अर्थशास्त्र सुरूच होतं ते या प्रश्नापासून.

उत्तराचा गाभा आपल्याला परका नाही. अर्धेलीने शेत कसायला दिलं, की पिकलं तर दोघांचं आणि बुडालं तर दोघांचं. ‘मुदारबा’ करार याच वळणाचा आहे. पैसा एकाचा, मेहनत दुसऱ्याची, नफा आधी ठरलेल्या प्रमाणात. तोटा झाला तर पैसेवाल्याचा पैसा जातो आणि राबणाऱ्याचे श्रम फुकट जातात.

आता हेच बँकेला लावू. समजा, ठेवी १०० कोटींच्या आहेत आणि मंदीत उद्योगांना दिलेले १० कोटी बुडाले. नेहमीच्या बँकेला तरीही १०० कोटी परत द्यायचेच असतात. स्वतःचं भांडवल कमी पडलं की ती कोसळते. वाट्याच्या बँकेत, म्हणजे जिथे ठेवीदारही नफा-तोट्याचे वाटेकरी असतात तिथे, ठेवींचं मूल्यच ९० कोटींवर येतं. म्हणजे धक्का ठेवीदार सोसतात, पण बँक उभी राहते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतले अर्थतज्ज्ञ मोहसिन खान यांनी १९८६ मध्ये हा युक्तिवाद गणिती प्रारूपात मांडला. या विषयातला सर्वांत मोलाचा विचार मला तोच वाटतो.

जकातीचाही, म्हणजे इस्लाममधल्या सक्तीच्या दानाचाही, इथे हिशेब आहे. साठवलेल्या संपत्तीवर वर्षाला २.५ टक्के. १ लाख रुपये नुसते पडून राहिले तर १० वर्षांत साधारण ७७,६०० उरतील. साहजिकच पैसा धंद्यात घालावासा वाटतो.

मध्यवर्ती बँकेने काय वरखाली करायचं, यावर सुदानने १९९८ मध्ये वेगळी वाट काढली. बँकांमधल्या सरकारी भागभांडवलावर आधारलेली प्रमाणपत्रं मध्यवर्ती बँक विकू लागली. ती विकली की बाजारातला पैसा आटतो, परत घेतली की वाढतो.

व्यवहारात मात्र कर्जासारख्याच करारांचा वरचष्मा आहे. क्वालालंपूरच्या ‘बुर्सा सूक अल-सिला’ या बाजारात २००९ पासून पामतेलावर असे सौदे होतात. जादा पैसा असलेली बँक तेल विकत घेते आणि नड असलेल्या बँकेला नफा लावून उधारीवर विकते. ती बँक लगेच तेच तेल रोखीने विकून टाकते. तेल टाकीतच राहतं, रोख मात्र हवी तिथे पोचलेली असते. शरियतच्या अनेक अभ्यासकांनाही अशी पद्धत खटकते.

असं होण्यामागे कारण आहे. बांधावर उभं राहिलं की पीक दिसतं, पण कर्जदाराच्या हिशेबाच्या वहीतला खरा नफा बँकेला सहज कळत नाही. दर महिन्याला तपासणी करायची तर खर्च वाढतो. म्हणून बँका आधीच ठरलेला नफा पसंत करतात, आणि तो ठरवताना बहुधा बाजारातल्या व्याजदराकडेच बघतात. अशा उधारीत १० कोटी बुडाले तर ते कर्जासारखेच बुडतात. मोहसिन खान यांचं प्रारूप मात्र वाट्याच्या बँकेचं होतं.