मुंबईतील मीडिया एजन्सीत उन्हाळी इंटर्नशिप: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

जाहिरात क्षेत्रातील उन्हाळी इंटर्नशिपसाठी सरकारी भरतीसारखी एकच जाहिरात, एकच अर्जनमुना आणि एकच अंतिम तारीख नसते. प्रत्येक एजन्सीचा मनुष्यबळ विभाग आपल्या गरजेनुसार विद्यार्थी घेतो, आणि बऱ्याचदा ही गरज कोठेही जाहीर न होताच भरली जाते. कागदपत्रांची अपेक्षा मात्र बहुतेक ठिकाणी सारखी असते. त्यांतली महत्त्वाची पत्रे महाविद्यालयाकडूनच मिळवावी लागत असल्यामुळे तयारीची सुरुवात कार्यालयाच्या खिडकीवर, आणि तीही परीक्षेचे वेळापत्रक लागण्यापूर्वी करावी लागते.

अर्ज लिहिण्याआधी एक भेद नीट समजून घ्यावा, कारण तो न समजल्यामुळे चांगल्या विद्यार्थ्यांचे अर्जही वाया जातात. क्रिएटिव्ह एजन्सी जाहिरात तयार करते: संकल्पना, मजकूर, चित्र, चित्रफीत. मीडिया एजन्सी ती तयार जाहिरात कोणत्या वाहिनीवर, वृत्तपत्रात, रस्त्यावरील फलकावर किंवा मोबाइलवर, किती वेळा आणि किती खर्चात दाखवायची हे ठरवते आणि त्यासाठी लागणारी जागा व वेळ ग्राहकाच्या वतीने विकत घेते. पूर्वी ही दोन्ही कामे एकाच संस्थेत चालत. १९९० च्या दशकापासून भारतात ती वेगळी होत गेली. ओगिल्वी किंवा लिओ (पूर्वीची लिओ बर्नेट) ही नावे पहिल्या प्रकारात मोडतात, तर माइंडशेअर, वेव्हमेकर, मॅडिसन मीडिया, स्टारकॉम ही दुसऱ्या प्रकारात. मीडिया एजन्सीकडे स्वतः रंगवलेल्या पोस्टरांचा संग्रह पाठवणे म्हणजे हिशेबनिसाच्या जागेसाठी गाणे म्हणून दाखवणे होय.

पात्रतेचा लेखी नियम सहसा थोडक्यात असतो: उमेदवार मान्यताप्राप्त संस्थेत पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण घेत असावा आणि ठरलेल्या काळात पूर्णवेळ उपलब्ध असावा. प्रत्यक्षात पदवीच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिलेल्या किंवा अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्राधान्य मिळते. मुंबई विद्यापीठाच्या बीएएमएमसी, म्हणजे पूर्वीच्या बीएमएम या जनसंज्ञापनाच्या पदवी अभ्यासक्रमाचे विद्यार्थी येथे नेहमी दिसतात, परंतु वाणिज्य, अर्थशास्त्र आणि विशेषतः संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी स्वतःला बाहेरचे समजू नये. मीडिया नियोजनाचे रोजचे काम एक्सेलमधील तक्त्यांचे आहे आणि ज्याला तक्ता वाचता येतो त्याला तेथे लवकर काम मिळते. उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांनी मात्र क्रिएटिव्ह एजन्सीचाच मार्ग धरावा. एमबीएच्या विद्यार्थ्यांची एप्रिल ते जून या काळातील इंटर्नशिप बहुधा संस्थेच्या प्लेसमेंट समितीमार्फत ठरते, त्यामुळे त्यांनी समितीला न विचारता परस्पर अर्ज करू नये.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी एक गोष्ट अर्जात आवर्जून लिहावी. कोल्हापुरात पुढारीला आणि विदर्भात लोकमतला जे स्थान आहे, ते मुंबईत बसून आकडे पाहणाऱ्याला आकड्यांतून दिसते. तेथे वाढलेल्याला ते आधीपासून ठाऊक असते. महाराष्ट्रातील ग्रामीण बाजारपेठेसाठी योजना आखणाऱ्या गटाला ही माहिती हवी असते. ‘मराठी अस्खलित’ एवढेच लिहून भागत नाही. आपण कोणता जिल्हा जाणतो आणि तेथे लोक काय वाचतात, काय पाहतात, हे दोन वाक्यांत सांगावे.

सरकारी योजनांशी या इंटर्नशिपची गल्लत होऊ नये. प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा ती २१ ते २४ वयोगटासाठी, बारा महिन्यांची आणि पूर्णवेळ शिक्षण घेत नसलेल्यांसाठी होती. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही शिक्षण चालू असलेला उमेदवार पात्र ठरत नाही. म्हणजे महाविद्यालयात शिकणाऱ्याला उन्हाळ्याच्या सुट्टीत काम करायचे असेल, तर त्याला थेट एजन्सीकडेच जावे लागते.

दुसरा प्रश्न क्रेडिटचा, म्हणजे पदवीसाठी धरल्या जाणाऱ्या श्रेयांकांचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी चौथ्या सत्रानंतर ६० ते १२० तासांची इंटर्नशिप अपेक्षित आहे आणि तिला २ ते ४ क्रेडिट मिळतात. महाविद्यालयांत हाच भाग सर्रास ‘ओजेटी’ (ऑन द जॉब ट्रेनिंग) म्हणून ओळखला जातो. दिवसाला आठ तास धरले तर १२० तास पंधरा कामाच्या दिवसांत संपतात, परंतु एवढ्या अल्प काळासाठी विद्यार्थी घेणे एजन्सीला सोयीचे नसते, कारण पहिला आठवडा संगणकप्रणालीची ओळख होण्यातच जातो. त्यामुळे अर्जात सहा ते आठ आठवड्यांची तयारी दाखवावी, आणि क्रेडिटसाठी लागणारे तास, मूल्यमापनाचा नमुना व कार्यनोंदवहीवर कोणाची सही लागेल, हे महाविद्यालयाकडून आधीच लिहून घ्यावे. रुजू झाल्यानंतर तीन आठवड्यांनी हा नमुना मेंटॉरपुढे, म्हणजे एजन्सीत काम शिकवणाऱ्या वरिष्ठापुढे, ठेवणाऱ्याची सही बहुधा रखडते.

कागदपत्रांमध्ये सर्वांत वजनदार म्हणजे महाविद्यालयाचे ना हरकत पत्र. त्यात विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, अभ्यासक्रम व वर्ष, इंटर्नशिपचा कालावधी तारखांसह, त्या काळात परीक्षा किंवा तासिका नसल्याचा उल्लेख, आणि प्राचार्यांची किंवा विभागप्रमुखांची सही व शिक्का असावा. ‘संबंधितांस’ असे मोघम लिहिलेले पत्र अर्जासोबत चालते. निवड झाल्यावर मात्र एजन्सीच्या नावे नवे पत्र मागितले जाऊ शकते, म्हणून सुट्टी लागण्यापूर्वी कार्यालयातील संबंधित लिपिकाला तशी कल्पना देऊन ठेवणे शहाणपणाचे. याशिवाय बोनाफाइड प्रमाणपत्र, मागील सत्रांच्या गुणपत्रिका, ओळखपत्र, पॅन कार्ड आणि बँक खात्याचा पुरावा म्हणून रद्द केलेला धनादेश किंवा पासबुकाचे पहिले पान लागते. आधारची प्रत द्यायची असल्यास शेवटचे चारच अंक दिसणारी, म्हणजे मास्क केलेली प्रत द्यावी.

नावाचा घोळ येथे हमखास होतो. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते आणि आईचे नावही असते, पॅनवर क्रम वेगळा असतो, आणि बँकेत कधी काळी वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर घातलेले असते. विद्यावेतन जमा करताना लेखा विभाग पॅन आणि बँक खाते ताडून पाहतो, म्हणून निदान या दोन ठिकाणी नाव एकसारखे असल्याची खात्री आधीच करावी.

अर्ज जानेवारी ते मार्च या काळात पाठवावा. ई-मेलच्या विषयात विभाग, कालावधी आणि शहर यांचा स्पष्ट उल्लेख असावा. मूळ मजकूर दहा-बारा ओळींपेक्षा मोठा नसावा. एक किंवा दोन पानांचा परिचय पीडीएफ स्वरूपात, स्वतःच्या नावाने जतन करून जोडावा. सोबत कामाचा एखादा नमुना असल्यास अर्ज वेगळा उठून दिसतो. उदाहरणार्थ, एका स्थानिक मसाला कंपनीसाठी दहा लाख रुपयांत तीन जिल्ह्यांचा माध्यम आराखडा कसा कराल, हे दोन पानांत मांडून पाहावे. पैसा कोठे खर्च केला यापेक्षा कोठे केला नाही आणि का नाही, हे त्यात सांगितलेले असावे. मुलाखतीतही चर्चा याच दिशेने जाते. रीच म्हणजे जाहिरात किमान एकदा पाहणाऱ्यांचे प्रमाण, फ्रीक्वेन्सी म्हणजे त्यांनी ती सरासरी किती वेळा पाहिली, आणि दोहोंचा गुणाकार म्हणजे जीआरपी (ग्रॉस रेटिंग पॉइंट्स). रीच ६० टक्के आणि फ्रीक्वेन्सी ४ असेल तर जीआरपी २४० होतात, एवढे गणित तोंडपाठ असावे. दूरचित्रवाणीचे प्रेक्षकमापन बार्क (ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल) करते आणि वृत्तपत्रांचा खप ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स प्रमाणित करते, हेही ठाऊक असावे. खप (विकलेल्या प्रती) आणि वाचकसंख्या (त्या वाचणारी माणसे) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; तेथे गडबडणारे पुष्कळ असतात.

निवड झाल्यावर मिळणारे पत्र सही करण्यापूर्वी शांतपणे वाचावे. कालावधी, कामाचे ठिकाण, विद्यावेतनाची रक्कम, स्वतःचा लॅपटॉप आणावा लागेल किंवा नाही, आणि मेंटॉरचे नाव यांचा लेखी उल्लेख असावा. विद्यावेतन प्रत्येक ठिकाणी मिळतेच असे नाही, त्यामुळे हा प्रश्न विचारण्यात संकोच बाळगू नये. रेल्वेच्या पासावरील विद्यार्थी सवलतही घर ते महाविद्यालय एवढ्याच प्रवासासाठी असल्याने गोरेगाव किंवा लोअर परळचा पास पूर्ण दराने काढावा लागेल, हे गृहीत धरावे. विद्यावेतनातून करकपात होऊ शकते आणि पॅन दिलेले नसल्यास ती अधिक दराने होते; एकूण उत्पन्न करपात्र नसल्यास विवरणपत्र भरून ती रक्कम परत मागता येते. उलट, निवडीसाठी, प्रशिक्षणासाठी किंवा प्रमाणपत्रासाठी तुमच्याकडेच पैसे मागितले गेले, तर तो व्यवहार तेथेच थांबवावा.

गोपनीयता करार ही मीडिया एजन्सीत केवळ औपचारिकता नसते. एकाच इमारतीत परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या ग्राहकांचे खर्चाचे आराखडे वेगवेगळे गट हाताळत असतात आणि वाहिन्यांशी घासाघीस करून ठरवलेले दर हे एजन्सीचे खरे भांडवल असते. पडद्यावरील तक्त्याचे छायाचित्र मित्राला पाठवणे एवढ्यावरूनही इंटर्नशिप संपू शकते. केलेल्या कामाच्या मालकीचेही तसेच: स्वामित्व हक्क कायदा १९५७ नुसार नोकरीच्या किंवा शिकाऊ उमेदवारीच्या करारातून निर्माण झालेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळे काही ठरलेले नसल्यास, सर्वसाधारणपणे मालक संस्था असते. म्हणून पुढे स्वतःच्या संग्रहात काय दाखवता येईल याची परवानगी ई-मेलवर घ्यावी. कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा महिला प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे, तेव्हा अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावे पहिल्याच आठवड्यात पाहून ठेवावीत.

पूर्तता प्रमाणपत्राची मागणी शेवटच्या दिवसाच्या निदान एक आठवडा आधी मनुष्यबळ विभागाकडे नोंदवावी आणि त्यात सुरुवातीची व अखेरची तारीख, विभागाचे नाव व एकूण तास यांचा उल्लेख मागावा, कारण क्रेडिट देताना महाविद्यालय नेमकी हीच नोंद पाहते. कार्यालयाचे ओळखपत्र व साहित्य परत केल्याची पोच घ्यावी. महाविद्यालयाचा मूल्यमापन अर्ज मेंटॉरकडून त्याच भेटीत भरून घ्यावा. त्यानंतर गणपती ते दिवाळी हंगामाच्या योजना सुरू होतात आणि मेंटॉरची सही मिळणे कठीण होते.