लॅब्राडोरचा दम वाढवताना

फेकलेली डमी (सरावाची कापडी गुंडाळी) आणण्याचं काम करणारा लॅब वीस मिनिटांत बसकण मारतो, तेव्हा आधी त्याच्या बरगड्या चाचपा. दाबावं न लागता हाताला लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर पहिला महिना-दीड महिना फक्त चालणं आणि कमी खाणं. दर पंधरा दिवसांनी वजनाला घेऊन या, काटा आमच्याकडे आहे. दीड वर्षाच्या आत लांब पळवणं नको, हाडं अजून वाढत असतात.

चेंडू पन्नासदा फेकून दम वाढत नाही. कुत्रा भरधाव सुटतो, करकचून थांबतो, जागच्या जागी वळतो आणि मागच्या गुडघ्याचा लिगामेंट तिथेच जातो. दम येतो दुडक्या चालीने. मातीच्या वाटेवर, सावकाश सायकलीसोबत, दिवसाआड 20 मिनिटं. दर आठवड्याला 5 मिनिटं वाढवा, चौथ्या आठवड्यात वाढवू नका. 45 मिनिटं सहज जमली की मग दंडोबाच्या डोंगराचा चढ, आणि सगळ्यात शेवटी डमी, एका वेळी 6 ते 8 फेकी.

सांगलीच्या उन्हाळ्यात सकाळी साडेसातपर्यंत काम आटपा. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही, धापेनेच अंग निवतं. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबली, पाय अडखळले की तिथेच थांबा. अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला, मग डॉक्टर. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते.

पोहण्याने सांध्यांवर भार न येता दम वाढतो. पण कृष्णेत उतरवू नका, भिलवडी-औदुंबर पट्ट्यात मगरी आहेत. शेततळं बरं; मात्र त्याचा प्लॅस्टिक कागद इतका निसरडा असतो, की पट्टीचा पोहणारा कुत्राही काठाशी धडपडून दमतो आणि बुडतो. काठावर दोरखंडाची जाळी पक्की बांधा, बाहेर यायची जागा त्याला आधी दाखवा. सुरुवात 5 मिनिटांची. नंतर कान कोरडे करा.

जेवण कामाच्या 3-4 तास आधी किंवा तासाभराने नंतर. भरल्या पोटी पळवणं धोक्याचं, पोटाला पीळ पडला तर कुत्रा काही तासांत जातो. नुसत्या दूध-भाकरीवर हे काम होत नाही. लांब पल्ल्याला कुत्र्याचं इंधन चरबी, म्हणून अंडी-मांस हवंच.

चांगला पळणारा कुत्रा अचानक मागे पडला, हिरड्या फिकट दिसल्या, तर व्यायाम बंद करून रक्त तपासा. आपल्याकडे बहुतेकदा गोचीडताप निघतो. 5 ते 15 मिनिटं जोरात पळून मागचे पाय लटपटत असतील तर मात्र तो लॅबमधला आनुवंशिक दोष असू शकतो. त्याची जनुक तपासणी होते. असा कुत्रा आळशी नसतो. त्याला वासाचं, सावकाश काम द्या आणि त्याची पिल्लं घेऊ नका.