लाकूड धरायचं कसं? बहुउपयोगी वर्कबेंचची पार्श्वभूमी

घरच्या घरी सुतारकाम करणाऱ्यांमध्ये सध्या ‘सगळं एकातच’ अशा बेंचची मोठी चलती आहे. एकाच टेबलात खालून बसवलेला सर्क्युलर सॉ, शेजारी राउटर (लाकडात खाचा आणि नक्षी कोरणारं यंत्र), वर वीस मिलिमीटरच्या भोकांची जाळी, त्या भोकांत बसणारे खुंटे आणि क्लॅम्प, कडेला व्हाइस (लाकूड आवळून धरणारा शिकंजा), आणि काम झालं की चाकांवर ढकलून भिंतीला. हे सगळं अलीकडेच कुणाला तरी सुचलं असावं असं वाटतं. प्रत्यक्षात यातला एकेक भाग वेगळ्या शतकातला आहे आणि काही तर दोन हजार वर्षं जुने आहेत. कुठला भाग कशासाठी जन्माला आला हे माहीत असलं, की आपल्या कामाला काय लागतं आणि काय नुसतं शोभेचं, हे ठरवणं सोपं जातं.

सगळ्याच्या मुळाशी एकच अडचण आहे. फळीची रुंद बाजू रंधायची असते, कड सरळ करायची असते आणि सांधे कापताना टोक वर घ्यायचं असतं. या तिन्ही वेळी सुताराचे दोन्ही हात हत्यारावर असतात. मग फळी कोण धरणार? बेंचचा सगळा इतिहास म्हणजे या प्रश्नाला दिलेली उत्तरं आहेत.

इजिप्तमध्ये मेकेत्रे नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी प्रतिकृती सापडल्या. त्यात सुतारांचा अख्खा कारखाना आहे. करवत चालवणाऱ्याने लाकूड एका उभ्या खांबाला बांधलेलं आहे आणि वाकसासारखी, म्हणजे आडव्या पात्याची, तासायची हत्यारं घेतलेले कारागीर खाली बसून लाकूड तासताहेत. बेंच कुठेच नाही. आपल्याकडचा गावचा सुतारही पिढ्यान्‌पिढ्या असाच बसून काम करत आला. बैलगाडीच्या चाकासाठी बाभळीचं लाकूड तासताना ते पायाखाली दाबायचं, खाली एखादा ओंडका घ्यायचा आणि वाकस मारायचा. यात मागासलेपण बघण्याचं काही कारण नाही. वाकसाचा घाव वरून खाली येतो, तो पेलायला जमीन आणि ओंडका पुरतात. शिवाय पाय मोकळे असतात, आणि पायाइतकी चटकन सैल होणारी पकड अजून कुणी बनवलेली नाही.

गणित बदललं ते रंध्याने. रंध्याचा जोर आडवा असतो, त्यामुळे फळी पुढे पळते आणि तिच्यापुढे अडसर लागतो. जमिनीवर पाट टाकून त्याच्या टोकाला पट्टी ठोकली तरी निभावतं, आणि आपल्याकडे बरंचसं काम तसंच चाललं. रोमन लोकांनी मात्र त्या पाटाला पाय लावले. जर्मनीतल्या साल्बुर्ग इथल्या रोमन किल्ल्याच्या विहिरीतून इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला सुताराचा बेंच निघाला. जाड फळी आणि तिला तिरपे ठोकलेले पाय. हा बेंच बुटका आहे, गुडघ्याच्या आसपास उंचीचा. त्यावर माणूस घोड्यावर बसावा तसा बसू शकतो किंवा गुडघ्याने लाकूड दाबू शकतो, म्हणजे शरीराचं वजन हीच इथेही मुख्य पकड. उंच बेंचने माणसाला उभं केलं आणि ही पकड काढून घेतली. ती उणीव भरून काढायला पुढची सगळी उपकरणं आली, असं माझं मत आहे.

त्यातलं एक उपकरण रोमन काळातच तयार होतं. व्हेसुव्हियसच्या इसवी सन ७९च्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम शहरात एक भित्तिचित्र सापडलं. त्यात पंखवाली बालकं बेंचवर लाकूड कापताना दिसतात आणि बेंचच्या भोकात एक वाकडा लोखंडी आकडा उभा आहे. तोच होल्डफास्ट. दाराची चौकट भिंतीत पक्की करायला गवंडी जी लोखंडी पट्टी लावतात, तिलाही होल्डफास्टच म्हणतात, पण हा त्याहून वेगळा. याचा दांडा गोल असतो आणि भोक त्याच्यापेक्षा किंचित मोठं. आकड्याचं टोक लाकडावर टेकवायचं आणि डोक्यावर मोगरीचा एक टोला द्यायचा. दांडा भोकात तिरका होतो, वरच्या आणि खालच्या काठांवर दाबून अडकतो आणि लाकूड हलायचं नाव घेत नाही. सोडवायला मागून एक हलकी टिचकी पुरते. ना स्क्रू, ना मळसूत्र, ना स्प्रिंग. म्हणूनच बेंचचा वरचा पाट जाड हवा. एक इंची प्लायमध्ये होल्डफास्ट नीट अडकत नाही, कारण तिरक्या दांड्याला टेकायला खोलीच मिळत नाही. प्लायचाच बेंच करायचा असेल तर निदान भोकांच्या जागी तरी खालून जाड ठोकळे चिकटवावेत.

स्क्रू आला तो बऱ्याच नंतर. न्यूरेंबर्गच्या मार्टिन लोफेलहोल्झच्या १५०५च्या सचित्र हस्तलिखितात बेंचच्या टोकाला लाकडी स्क्रूचा व्हाइस दिसतो. टोकाचा हा व्हाइस आणि पाटावरचा खुंटा यांच्यामध्ये फळी लांबीला दाबली जाते, त्यामुळे तिची वरची बाजू पूर्ण मोकळी राहते आणि रंध्याच्या वाटेत काहीच येत नाही. आज बाजारात मिळणाऱ्या ‘बेंच डॉग’ खुंट्यांचं कूळ इथपर्यंत पोचतं. पुढे इंग्लंडमध्ये जोसेफ मॉक्सनने १६७८पासून हस्तव्यवसायांवरची पुस्तिकामाला काढली. तिच्यातल्या सुतारकामाच्या चित्रांपैकी बरंच काही फ्रान्सच्या फेलिबियांच्या दोन वर्षं आधीच्या पुस्तकातून उचललेलं आहे. पण दोन स्क्रूंच्या एका सुट्या व्हाइसला आज जगभरचे हौशी सुतार मॉक्सनच्याच नावाने ओळखतात.

खरी सविस्तर नोंद केली ती आंद्रे-जाकोब रूबो याने. तो पॅरिसचा, सुताराच्या घरातला आणि स्वतः हाताने काम करणारा. फ्रेंच विज्ञान अकादमी तेव्हा देशातल्या कलाव्यवसायांचे ग्रंथ काढत होती. त्यात बहुतेक ठिकाणी विद्वानांनी कारागिरांचं काम बघून लिहिलं, इथे कारागिरानेच लेखणी धरली. १७६९पासून काही वर्षांत त्याच्या ‘लार द्यु मनुझिये’चे खंड निघाले, तीनशेहून अधिक तक्त्यांसह. अकराव्या तक्त्यात त्याचा बेंच आहे. एल्म किंवा बीचचा एकसंध पाट, पाच-सहा इंच जाड. पाय थेट पाटात घुसवून सांधलेले आणि त्यांची पुढची बाजू पाटाच्या कडेशी एका रेषेत. ही एक रेष फार मोलाची आहे. पाय आत सरकवले तर लांब फळी उभी धरताना तिला खाली टेका मिळत नाही. रेषेत ठेवले तर पायांतही भोकं पाडून होल्डफास्ट लावता येतो आणि अख्खी पुढची बाजूच क्लॅम्प होते. डाव्या हाताला लाकडाचा एक आकडा, पाटावर दात असलेला अडसर, बाकी होल्डफास्ट. एवढ्यावर अठराव्या शतकातल्या पॅरिसचं उंची लाकूडकाम व्हायचं. आजचे बेंच बांधणारे जी ‘रूबो’ धाटणी म्हणतात ती हीच, आणि अडीचशे वर्षांनंतरही तिच्यात बदलावं असं फार थोडं सापडतं.

इंग्रजांनी स्वस्तातली वाट काढली. पीटर निकल्सनच्या १८१२च्या पुस्तकातला बेंच पातळ फळ्यांचा आहे, पण पुढून एक रुंद फळी झालरीसारखी लावून ती सगळी चौकट ताठ केलेली आहे. झालरीत भोकं, भोकांत खुंटी, खुंटीवर फळीची कड. कमी लाकडात भक्कम बेंच हवा असेल तर आजही हाच नमुना बरा, कारण सहा इंची सागवानी पाट परवडणार कुणाला!

उभ्याने काम करायचा बेंच आपल्याकडे शाळा-कॉलेजांतून घट्ट रुजला तो इंग्रजी अमलात. मुंबईत व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ साली स्थापन झाली. वर्ध्याला १९३७ साली गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची मांडणी झाली. तिच्यात सूतकताई आणि शेतीबरोबर सुतारकामही मूलोद्योग म्हणून आलं. १९५०मध्ये केंद्राची कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, तिच्यातून आयटीआय पसरले. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ज्याने कारपेंट्री शॉपमध्ये हाफ-लॅपचा (दोन तुकडे अर्धे-अर्धे कापून एकमेकांत बसवायच्या सांध्याचा) जॉब केला असेल, त्याला तो जाड बेंच आणि कडेचा लोखंडी व्हाइस आठवेल. तो लोखंडी व्हाइस मुळात एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडचा. तरफ दाबली की आतला अर्धा नट स्क्रूवरून सुटतो आणि जबडा हवा तिथे एका झटक्यात सरकतो. शेफील्डच्या ‘रेकॉर्ड’ कंपनीने असे व्हाइस पुढे जगभर पोचवले. शाळेत बेंच उभा राहिला तरी गावातला सुतार मात्र बसूनच काम करत राहिला, आणि दोन्ही पद्धतींतलं चांगलं एकत्र आणायचा विचार आपल्या शिक्षणात फारसा झाला नाही याची मला खंत वाटते.

तो मेळ घातला एका मोटारींच्या रचनाकाराने. रॉन हिकमन मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, इंग्लंडमध्ये ‘लोटस’ कंपनीत होता आणि ‘एलान’ या गाडीच्या रचनेत त्याचा मोठा वाटा होता. १९६१ साली घरात कपाट करताना लाकूड टेकवायला त्याने एक चांगली स्वीडिश खुर्ची घेतली आणि लाकडाबरोबर तीही कापली. त्यातून सुरू झालेल्या विचाराचं फळ म्हणजे ‘वर्कमेट’ हा घडीचा बेंच. त्याने तो हत्यारांच्या कंपन्यांना दाखवला. ‘स्टॅनली’ने सांगितलं की याचा खप शेकड्यांत नाही, डझनांत मोजावा लागेल. ‘ब्लॅक अँड डेकर’नेही आधी नकार दिला. मग हिकमन स्वतःच विकू लागला आणि खप बघून १९७२ साली ‘ब्लॅक अँड डेकर’ने उत्पादन हाती घेतलं. १९८१पर्यंत एक कोटी वर्कमेट विकले गेले होते.

या यशामागची रचना बारकाईने बघण्यासारखी आहे. वर्कमेटचा पाट म्हणजेच व्हाइस. दोन फळ्या, त्यांतली एक सरकती. तिला दोन टोकांना दोन स्वतंत्र स्क्रू, त्यामुळे एक टोक जास्त आणि एक कमी आवळून निमुळतं लाकूडही धरता येतं. वर भोकं आणि त्यांत खुंटे, म्हणजे रुंद फळी आडवी दाबायची सोय. पाय मिटवले की उंची कमी होते आणि करवत चालवायला सोयीचं होतं. खाली पाय ठेवायला पायरी, तिच्यावर उभं राहिलं की सुताराचं वजनच बेंचला जमिनीशी दाबून धरतं. साल्बुर्गच्या बुटक्या बेंचवर जे गुडघा करायचा आणि आपल्या सुताराचा पाय जे करतो, ते काम हिकमनने घडीच्या बेंचला परत मिळवून दिलं.

तोवर विजेची हत्यारं आली होती आणि ‘बहुउपयोगी’ या शब्दाचा अर्थच पालटला होता. हातकामात लाकूड स्थिर आणि हत्यार फिरतं. टेबल सॉवर पातं जागेवर आणि लाकूड सरकतं. एकाच टेबलाकडून दोन्हीची अपेक्षा करणं म्हणजे त्याने धरायचंही आणि सोडायचंही. अमेरिकेत १९४७ साली हान्स गोल्डश्मिटने ‘शॉपस्मिथ’ काढलं, एकाच मोटरवर सॉ, लेथ, ड्रिल अशी पाच यंत्रं. ऑस्ट्रेलियात जॉर्ज लेविनचा ‘ट्रायटन’ १९७६ साली आला. त्याची युक्ती साधी होती. हातातला सर्क्युलर सॉ उलटा करून टेबलाखाली बसवा, टेबल सॉ तयार. सरळ करून रुळांवर ठेवा, फळी आडवी कापा.

मुंबई-पुण्यात कुठल्याही फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम चालू असताना डोकावलं तर हीच युक्ती दिसते. दोन घोड्या, वर प्लाय, प्लायला चीर, खालून उलटी बांधलेली कटर मशीन आणि कडेला ॲल्युमिनियमच्या सेक्शनची फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सरळ सरकवायची पट्टी. कामाचा उरक थक्क करणारा असतो. पण बऱ्याचदा ती मशीन मूळची मार्बल कापायची असते, मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेणारी, आणि तिला लाकडाचं दातेरी पातं लावून गार्ड काढलेला असतो. सात इंची लाकडाच्या सॉचे फेरे साधारण पाच हजारांच्या आसपास असतात, यावरून धोका लक्षात यावा. टेबल सॉमध्ये पात्याच्या मागे एक पातळ पत्ती असते, ‘रायव्हिंग नाइफ’. कापलेलं लाकूड मिटून पात्याला आवळू नये आणि उसळून अंगावर येऊ नये, हे तिचं काम. घरी असा बेंच बांधणाऱ्याने बाकी कशातही काटकसर करावी, पत्ती, गार्ड आणि हाताशी असलेलं बंद करायचं बटण यांत करू नये.

राहिली भोकांची जाळी. ‘फेस्टूल’ या जर्मन कंपनीच्या टेबलाने २० मिलिमीटरची भोकं, ९६ मिलिमीटरच्या अंतरावर, असा पायंडा पाडला. ९६ म्हणजे ३२च्या तिप्पट, आणि ३२ मिलिमीटर हे कपाटांच्या कारखान्यांतलं ठरलेलं माप. जाळी अचूक असली की दोन खुंट्यांना टेकवलेली फेन्स आपोआप काटकोनात बसते. अमेरिकी धाटणीची भोकं पाऊण इंचाची, म्हणजे १९ मिलिमीटरची. हा एका मिलिमीटरचा फरक भोकं पाडण्याआधीच लक्षात घ्यावा, कारण २०चा खुंटा १९च्या भोकात जातच नाही आणि १९चा २०मध्ये खुळखुळतो.

सगळं एकाच बेंचमध्ये आणताना शेवटी अडतं ते उंचीवर. रंधा मारायला बेंच कमरेखाली हवा, म्हणजे अंगाचा भार रंध्यावर येतो. बारीक सांधे कापायला मात्र जॉब छातीजवळ लागतो, नाहीतर पाठ धरते. यावर उपाय म्हणून पुष्कळ जण आज मॉक्सनचा तो दोन स्क्रूंचा सुटा व्हाइस घरी करतात आणि होल्डफास्ट किंवा क्लॅम्पने बेंचवर तात्पुरता बसवतात. त्याला लागतात कठीण लाकडाचे दोन जाड तुकडे, दोन लांब बोल्ट आणि हातचाकं. काम झालं की तो उचलून खालच्या फळीवर ठेवायचा आणि पाट पुन्हा रंध्यासाठी मोकळा.