चार्टर शाळांचा निधी आणि सार्वजनिक शिक्षण

सरकारी पैशावर चालणारी, फी न घेणारी, परंतु स्थानिक शिक्षण मंडळाऐवजी करारान्वये स्वतंत्र व्यवस्थापनाकडे सोपवलेली अमेरिकेतील शाळा म्हणजे चार्टर शाळा. यासंबंधीचा पहिला कायदा १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने केला.

या शाळांचा सार्वजनिक शिक्षणावर होणारा आर्थिक परिणाम पेनसिल्व्हेनियात विशेष ठळकपणे दिसतो. तेथील १९९७ च्या कायद्यानुसार हद्दीतील जे मूल चार्टर शाळेत जाईल, त्याच्यामागे शालेय जिल्ह्याला, म्हणजे त्या भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला, स्वतःच्या प्रतिविद्यार्थी खर्चावर बेतलेली रक्कम त्या शाळेला द्यावी लागते. पैसा मुलाबरोबर जातो. खर्च मात्र त्या प्रमाणात घटत नाही. दहा शाळांच्या निरनिराळ्या इयत्तांमधून मिळून तीस मुले गेली, तरी एकही तुकडी बंद करता येत नाही. शिक्षकांचे पगार, बस, इमारतींची डागडुजी आणि निवृत्तिवेतनाचा भार तसाच राहतो. आधी खासगी शाळेत शिकणारे मूल चार्टर शाळेत आले, तर तो जिल्ह्यावर सर्वस्वी नवा बोजा असतो. राज्य सरकार यातील काही भाग जिल्ह्यांना भरून देत असे. २०११ च्या अर्थसंकल्पात तीही तरतूद बंद झाली.

विशेष शिक्षणाचा, म्हणजे अपंगत्व किंवा शिकण्यात अडचणी असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा, दर हा या सूत्रातील सर्वांत अन्याय्य भाग म्हणावा लागेल. तो काढताना जिल्ह्यातील १६ टक्के विद्यार्थी विशेष गरजा असलेले आहेत असे गृहीत धरून विशेष शिक्षणावरील खर्च तेवढ्या मुलांत विभागला जातो, त्यामुळे जेथे हे प्रमाण प्रत्यक्षात अधिक असते तेथे दर फुगतो. शिवाय बोलण्यात किंचित अडखळणाऱ्या मुलासाठी आणि दिवसभर मदतनीस लागणाऱ्या मुलासाठी रक्कम एकच. चेस्टर अपलँड या गरीब जिल्ह्यात २०१५ मध्ये हा दर प्रतिविद्यार्थी सुमारे ४०,००० डॉलरपर्यंत गेला होता. तिजोरीत खडखडाट असताना तेथील शिक्षकांनी त्या वर्षी बिनपगारी काम करण्याची तयारी दाखवून शाळा वेळेवर सुरू होऊ दिल्या.

पालकांच्या निवडीला दोष देता येत नाही. बोस्टनमधील चार्टर शाळांत सोडतीने प्रवेश मिळालेल्या गरीब विद्यार्थ्यांच्या गुणांत लक्षणीय वाढ झाल्याचे अभ्यासांत आढळले आहे. बोस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात जिल्ह्यांना काही काळ भरपाई देण्याची तरतूद आहे. तरीही चार्टर शाळांच्या संख्येवरील मर्यादा वाढवण्याचा प्रस्ताव तेथील मतदारांनी २०१६ मध्ये फेटाळला. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा बदलून, नव्या चार्टर शाळेला मंजुरी देताना जिल्ह्याच्या आर्थिक स्थितीचा विचार करण्याची मुभा स्थानिक मंडळांना दिली.